पंपात उरलेलं औषध आणि परसातली वांगी

कुणी बियाणं निवडत असाल, कुणी पावसाआधी सरपण आत घेत असाल. हात चालू राहू द्या, कान तेवढे इकडे द्या. आज आपण परसबागेतल्या किडींबद्दल बोलणार आहोत. सुरुवात मात्र एका पिशवीपासून करतो.

मागच्या भाद्रपदात गटाच्या बैठकीला एक काकू पिशवीभर वांगी घेऊन आल्या. चकचकीत, काटेरी देठाची, एकालाही भोक नाही. सगळ्यांनी हात पुढे केले. कुणीतरी सहज विचारलं, "काकू, आमच्या वांग्यांत अळीच अळी. तुम्ही काय मारता हो?" काकू म्हणाल्या, "मी कुठं काय मारते? परवा पोरानं कपाशीवर फवारलं. पंपात थोडं उरलं होतं. म्हणाला, आई, फेकून कशाला द्यायचं. तेवढंच मारलं झाडांवर."

पुढे आलेले हात हळूच मागे गेले. काकूंना वाईट वाटलं. "अगं, मिठाच्या पाण्यात धुऊन आणलीत," असं त्या दोनदा म्हणाल्या. आम्हीही गप्पच होतो. कारण खरं सांगायचं तर आमच्यातल्या निम्म्या जणींच्या घरी हेच चालतं. कपाशीचा पंप परतीच्या वाटेवर परसात थांबतो आणि वांगी, भेंडी, मिरची यांच्यावर रिकामा होतो.

म्हणून आधी धुण्याबद्दल. काही औषधं पानाच्या आणि फळाच्या वरच राहतात, ती धुतल्यावर थोडी तरी जातात. पण काही आंतरप्रवाही असतात. ती झाडाच्या रसात मिसळतात, देठातून फळात जातात. ती मिठाच्या पाण्यानं जात नाहीत, चिंचेच्या पाण्यानं जात नाहीत, शिजवल्यावर संपतील याचाही भरवसा नाही. मोनोक्रोटोफॉस हे कपाशीवर वर्षानुवर्षं मारलेलं औषध अशांपैकीच. भाजीपाल्यावर ते वापरायला आपल्या देशात २००५ पासून बंदी आहे. घरात बाटली असेल तर तिच्यावरचा चौकोन बघा. त्यात रंगीत त्रिकोण असतो. लाल त्रिकोण म्हणजे अत्यंत विषारी. फवारल्यावर किती दिवस तोडणी करायची नाही, हेही सोबतच्या कागदावर लिहिलेलं असतं. शेतातल्या पिकासाठी ते दिवस पाळता येतात. परसातली भाजी मात्र आपण रोज संध्याकाळी लागेल तशी तोडतो. दिवस मोजणार कोण?

यवतमाळ जिल्ह्यात २०१७ च्या पावसाळ्यात कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी आणि शेतमजूर दगावले, ते आपण विसरलेलो नाही. तेव्हा बोलणं झालं ते फवारणाऱ्यांबद्दल. पंपात पाणी भरून देणारी, औषधात भिजलेला सदरा हातानं धुणारी, दुसऱ्या दिवशी त्याच तासात निंदायला जाणारी बाई त्या बोलण्यात फारशी आली नाही. आता तेच औषध परसात, चुलीपासून दहा पावलांवर आलं आहे. म्हणून त्या दिवशी बैठकीत ठरवलं की परसबागेत कपाशीचा पंप येणार नाही.

ठरवणं सोपं होतं. घरी सांगितल्यावर "पंप धुतलाय की!" हे उत्तर बहुतेक घरांत मिळालं. पंप धुतला तरी नळीत, वॉशरात, पट्ट्यात औषध राहतंच. वाद घालण्यापेक्षा आम्ही गटाच्या पैशातून हातानं दाबायचे छोटे फवारे घेतले आणि त्यांच्यावर ऑइलपेंटनं 'भाजी' असं लिहिलं. त्यात दुसरं काही भरायचं नाही. एका घरी सासरेबुवांनी तो फवारा ढेकणांच्या औषधासाठी घेतला, तर सुनेनं तो तिथंच ठेवला आणि गटाकडून नवा मागितला. तिला तो मिळाला.

आता कीड. आमचा पहिला धडा असा की फवारा हातात घेण्याआधी पान उलटं करून बघायचं. मावा, तुडतुडे, पांढरी माशी सगळी पानाच्या खालच्या बाजूला बसतात. वरून बघणाऱ्याला झाड नुसतं मलूल दिसतं. झाडावर मुंग्यांची रांग चढताना दिसली की समजावं, वर मावा नाहीतर पिठ्या ढेकूण आहे. मावा गोड चिकट पाणी सोडतो, मुंग्या त्यासाठी जातात आणि त्याची राखणही करतात. त्याच चिकट्यावर पुढे काळी बुरशी धरते. चवळीच्या शेंड्यावर मावा नुकताच दिसला असेल तर शेंडा बोटांत धरून चुरडायचा, उरलेल्यावर पाण्याचा जोरदार फवारा मारायचा. बहुतेक वेळा एवढं पुरतं. पिठ्या ढेकूण असेल तर जुना टूथब्रश साबणाच्या पाण्यात बुडवून खोड घासायचं.

पण सगळंच चुरडायचं नाही. ही चूक आम्ही पहिल्या वर्षी केली. माव्यात काळपट, लांबट, अंगावर नारिंगी ठिपके असलेली, छोट्या मगरीसारखी दिसणारी अळी फिरत होती. दिसायला भयानक. आम्ही वेचून वेचून मारली आणि चार दिवसांत मावा दुप्पट झाला. ती ढालकिड्याची पिल्लं होती. लाल पाठीवर काळे ठिपके असलेला, पोरं हातावर घेऊन खेळतात तो ढालकिडा. तोही मावा खातो आणि त्याची अळीही खाते. वाढून कोशात जाईपर्यंत एक अळी शेकड्यांनी मावा फस्त करते. आपण आपलेच चाकर मारले होते. तसंच माव्यात काही किडे फुगून तपकिरी, टणक झालेले दिसतात. त्यांच्या आत अगदी बारीक गांधीलमाशीचं पिल्लू वाढत असतं. बाहेर आल्यावर ती माशी दुसऱ्या माव्यात अंडी घालते. अशी पानं तोडू नका. विषारी औषध मारलं की हे सगळे आधी मरतात आणि मावा मागून परत येतो, तो राखणदार नसलेल्या घरात.

आता वांग्यावर येऊ. परसबागेत सगळ्यात जास्त रडवते ती शेंडे आणि फळ पोखरणारी अळी. तिचं जगणं समजून घेतलं की काय करायचं ते आपोआप सुचतं. तिचा पतंग छोटा, पांढुरका, पंखांवर तपकिरी डाग असलेला. तो रात्री पानावर अंडी घालतो. बारीक अळी निघते आणि थोड्याच वेळात कोवळ्या शेंड्यात किंवा देठाजवळून फळात शिरते. शिरते ते भोक टाचणीच्या टोकाएवढं, आणि ते तिच्याच विष्ठेनं बुजतं. वांग्यावर आपल्याला जे मोठं भोक दिसतं ते अळी बाहेर पडल्याचं. म्हणजे भोक बघून फवारायला निघालो तर चोर आधीच पसार. आणि भोक दिसत नाही तोवर ती आत असते, तिथं वरून मारलेलं काहीच नीट पोहोचत नाही, कडुनिंबाचं नाही आणि दुकानातलंही नाही.

मग करायचं काय? लागवडीनंतर तीन-चार आठवड्यांत एखादा शेंडा दुपारी मान टाकलेला दिसतो. पाणी कमी पडलं असेल असं वाटतं. संध्याकाळी बाकी झाड ताजं आणि तो शेंडा तसाच असेल तर आत अळी आहे. जिथून सुकला आहे त्याच्या बोटभर खालून तो कापायचा. देठ उभा चिरून बघितलात तर गुलाबीसर अळी सापडेल. कापलेला शेंडा बांधावर फेकायचा नाही, उकिरड्यावरही नाही. तिथंच ती कोषात जाते आणि पतंग होऊन परत येते. चुलीत घालायचा, किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून आठवडाभर उन्हात ठेवायचा. किडक्या वांग्यांचंही तेच. आठवड्यातून दोनदा, न चुकता. आमच्यात हे काम शाळकरी मुलींनी उचललं, कारण त्यांना अळी शोधायची मजा वाटते. त्यांनी साबणानं हात धुतले की नाही ते मात्र बघावं लागतं.

वांग्याबद्दल आणखी एक गोष्ट, जी आम्हाला फार उशिरा कळली. हंगाम संपल्यावर वांग्याची वाळलेली झाडं आपण उपटतो आणि सरपण म्हणून कुंपणाला रचून ठेवतो. त्या वाळक्या पानाकाड्यांत कोष असतात. नवी रोपं लावली की पतंग त्याच गंजीतून उडतात. तेव्हा वांग्याचं सरपण सगळ्यात आधी जाळा. आणि तीन-तीन वर्षं तेच खोडवं ठेवू नका. एका ताईंचं एकच जुनं झाड होतं, "सासूबाईंनी लावलेलं," म्हणून त्या काढत नव्हत्या. आजूबाजूच्या पाच घरांना अळी तिथूनच जात होती. सासूबाईंची समजूत काढायला आम्हाला दोन बैठका लागल्या.

कृषी सेवा केंद्रात कामगंध सापळे मिळतात. आत एक गोळी असते, तिला मादीच्या वासासारखा वास येतो. नर पतंग त्या वासानं येतो आणि अडकतो. वांग्याच्या अळीसाठी वेगळी गोळी, टोमॅटोच्या आणि हरभऱ्याच्या अळीसाठी वेगळी. घेताना पिकाचं आणि किडीचं नाव सांगून घ्या. एकाच घरी सापळा लावून फारसं साधत नाही. शेजारून आधीच भेटलेली मादी येऊन अंडी घालतेच. ओळीनं आठ-दहा घरांनी लावले तर फरक दिसतो. म्हणून ही खरेदी एकटीनं करायची नाही, गटानं करायची.

दोडका, कारली, काकडी यांचं दुखणं वेगळं. कोवळं फळ वाकडं होतं, पिवळं पडतं, आत अळ्या वळवळतात. ही फळमाशी. ती कोवळ्या फळाच्या सालीखाली अंडी घालते. अळ्या फळ खाऊन मातीत उतरतात आणि तिथं कोष करतात. फळ बोटाएवढं झालं की त्यावर वर्तमानपत्राची पिशवी किंवा जुन्या ओढणीचा तुकडा सैल बांधा. माशीला सालच मिळत नाही. काम कंटाळवाणं आहे, पण दहा-पंधरा फळांना जमतं. गळालेली, किडकी फळं रोज उचलून दोन फूट खोल पुरा. गुरांपुढे किंवा उकिरड्यावर टाकलीत तर माश्या आपणच पाळल्या. वेलवर्गासाठी सापळ्यात क्यू-ल्युअर नावाची गोळी लागते. आंबा आणि पेरूच्या फळमाशीची गोळी वेगळी असते. दुकानदारानं ती दिली तर दोडक्याला काही उपयोग नाही, हे पैसे घालवून शिकलो आहोत.

भोपळा-काकडीची रोपं दोन पानांवर असताना लाल भुंगेरे येऊन पानं चाळणीसारखी करतात. ते पहाटे थंडीनं सुस्त असतात. झाडाखाली साबणाच्या पाण्याचं भांडं धरायचं आणि पान हलवायचं. पानांवर दव असताना चुलीची चाळलेली राख भुरभुरली तरी ते जरा दूर राहतात. पाऊस पडला की पुन्हा भुरभुरायची. गोगलगायी असतील तर संध्याकाळी ओलं गोणपाट वाफ्याजवळ पसरा आणि सकाळी ते उलटून खालच्या गोगलगायी मिठाच्या पाण्यात टाका. त्यांना उघड्या हातानं धरू नका.

मिरचीबद्दल सगळ्यात जास्त प्रश्न येतात. पानं मुरडली की आपण म्हणतो चुरडा-मुरडा झाला. पण कडा वरच्या बाजूला वळून पान द्रोणासारखं झालं तर फुलकिडे, खाली वळून होडी पालथी घातल्यासारखं झालं तर कोळी. पानं बारीक होऊन गुच्छ झाला, झाड खुजं राहिलं तर विषाणू. त्याला औषध नाही, ना कडू ना गोड. झाड उपटून टाकायचं. भेंडीच्या शिरा पिवळ्या पडतात, तो हळद्याही विषाणूच. पांढरी माशी तो एका झाडावरून दुसऱ्यावर नेते. आम्ही हळद्या झालेल्या भेंडीवर तीन आठवडे निंबोळी अर्क मारत बसलो आणि पूर्ण ओळ घालवली. पहिली दोन झाडं पहिल्याच दिवशी उपटली असती तर ओळ वाचली असती.

पांढरी माशी, मावा, तुडतुडे यांच्यासाठी पिवळे चिकट सापळे घरीच होतात. तेलाच्या डब्याचं झाकण पिवळं रंगवायचं, त्यावर एरंडेल तेल चोपडायचं आणि काठीला बांधून झाडाच्या शेंड्याच्या उंचीवर लावायचं. भरलं की पुसून पुन्हा चोपडायचं. फुलकिडे निळ्या रंगाकडे जास्त येतात. सापळ्यात आपले ढालकिडेही अडकतात, म्हणून परसभर झेंड्यांसारखे सापळे लावू नका. दोन-तीन पुरे.

आता निंबोळी. हा विषय आजच घ्यायचं कारण म्हणजे सध्या झाडाखाली सडा पडतो आहे. पिकून पडलेल्या निंबोळ्या रोज सकाळी वेचा, गर धुऊन काढा आणि बिया सावलीत वाळवा. ओल्या असताना प्लॅस्टिकच्या पिशवीत भरल्या तर बुरशी लागते. काळ्या पडलेल्या बियांचा अर्क कामाचा नाही. वाळलेल्या बिया गोणपाटात भरून वारा लागेल अशा ठिकाणी टांगा. या हंगामाच्या बिया पुढच्या उन्हाळ्याआधी संपवा.

अर्काचं माप लिटरला ५० ग्रॅम. १० लिटर पाण्यासाठी अर्धा किलो बिया उखळात जाडसर कुटायच्या, फडक्यात बांधून बादलीत १ लिटर पाण्यात रात्रभर भिजत घालायच्या. सकाळी पुरचुंडी दाबत राहायची, पाणी दुधासारखं होऊन येईपर्यंत. ते गाळून घ्यायचं, २० ग्रॅम कपड्याचा साबण किसून वेगळा विरघळवायचा आणि तो घालून एकूण १० लिटर करायचं. साबणामुळे अर्क पानाला धरतो. अर्क उकळायचा नाही. संध्याकाळी मारायचा, कारण उन्हात त्याचा गुण लवकर जातो. पानाच्या खालून मारायचा, आणि केलेल्या दिवशीच संपवायचा. पहिल्या वेळी दोन पानांवर मारून एक दिवस वाट बघा. साबण जास्त झाला तर पानं करपतात.

दुसऱ्या दिवशी किडी जिवंत दिसतील. इथंच बायका हिरमुसतात आणि घरातली माणसं म्हणतात, "बघा, सांगितलं नव्हतं?" निंबोळीत अझाडिरॅक्टिन नावाचं द्रव्य असतं. ते किडीला जागच्या जागी मारत नाही. तिचं खाणं सुटतं, लहान अळीची कात नीट पडत नाही, मादी त्या पानावर अंडी घालायचं टाळते. आठवड्यानं झाड बघा, किडी मोजू नका. सात-आठ दिवसांच्या अंतरानं दोन-तीन वेळा मारावं लागतं. वाढून मोठ्या झालेल्या अळीवर त्याचा फारसा परिणाम होत नाही, ती वेचावीच लागते. फवारल्यावर चार दिवस आम्ही भाजी तोडत नाही, नंतर धुऊनच वापरतो. आणि निंबोळीचं तेल किंवा अर्क लहान मुलांच्या पोटात जाऊ देऊ नका. तान्ह्या मुलांना कडुनिंबाचं तेल पाजून विषबाधा झाल्याची उदाहरणं आहेत.

झाडपाल्याचं म्हणजे निर्धोक, हे आम्हाला पटत नाही. तंबाखूचं पाणी काही जणी करतात. तंबाखूतलं निकोटिन कातडीतूनही अंगात जातं, चक्कर येते, उलट्या होतात. गटात आम्ही ते बंद केलं. दशपर्णी अर्क शेतासाठी चांगला आहे, महिनाभर कुजवून करतात. पण त्यात कण्हेर, रुई, मोगली एरंड असा विषारी पाला पडतो. शेंगा आणि टोमॅटो झाडावरूनच तोडून खाणारी पोरं ज्या परसात आहेत, तिथं आम्ही तो वापरत नाही.

"झेंडू लावला की कीड येत नाही," असं प्रशिक्षणात बरेचदा सांगतात. तसं होत नाही. झेंडूच्या मुळांमुळे मातीतल्या सूत्रकृमी कमी होतात, हे खरं. टोमॅटोच्या फळ पोखरणाऱ्या अळीचा पतंग झेंडूच्या फुलांवर अंडी घालतो, हेही खरं. पण टोमॅटोला फूल येईल तेव्हा झेंडू फुललेला हवा, म्हणून झेंडूचं रोप पंधरा-वीस दिवस आधीचं लागतं. आणि त्या फुलांतल्या अळ्या वेचाव्या लागतात. नाहीतर झेंडू नुसता हारापुरता. चवळीची एखादी ओळ आणि थोडी फुलावर सोडलेली कोथिंबीर मात्र जरूर ठेवा. ढालकिडे आणि बारीक गांधीलमाश्या तिथं राहायला येतात.

एवढं सगळं करूनही काकूंच्या वांग्यांत या वर्षी भोकं होती. दहातली तीन-चार किडकी. त्यांनी ती बैठकीला आणली नाहीत, लाजल्या. आम्ही त्यांच्या घरी जाऊन चांगली वांगी घेतली आणि किडकी तिथंच चुलीत घातली. मुलगा ओट्यावर बसून बघत होता. म्हणाला, "एवढी गेली ना वाया?" काकू म्हणाल्या, "जाऊ दे, बाकीची तू खा."

तर, येत्या शनिवारी सकाळी सातला देवळामागच्या कडुनिंबाखाली जमायचं आहे. प्रत्येकीनं एक गोणपाट, एक पाटी आणि बिया धुवायला बादली आणावी. पाऊस आला तर निंबोळ्या त्याच दिवशी समाजमंदिरात पसरू. पंखा लावून ठेवायला सांगितलं आहे. घरी मापाचा डबा नसेल तर ५० ग्रॅमची वाटी आम्ही तिथंच मोजून खूण करून देऊ.